स्वखर्चाने काढलेल्या भयकादंबरीला पुरस्कार मिळू शकतो का?

गोव्यात वाळपईच्या बाजूला शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंचा हा प्रश्न आहे. त्यांनी मराठीत भयकादंबरी लिहिली आहे आणि ती तिथल्याच सत्तरी तालुक्यातल्या एका गावात घडते. दोन प्रकाशकांनी ‘हा प्रकार आम्ही काढत नाही’ म्हणून हस्तलिखित परत केलं. परदेशात कुणा स्वतंत्र कादंबरीकाराला भयसाहित्याचा पुरस्कार मिळाल्याची बातमी त्यांनी वाचली आणि विचारलं, की पुस्तक स्वतःच काढलं तर आपल्याकडे असा मान मिळू शकतो का, त्यासाठी काय करावं लागेल, आणि मुखपृष्ठावर ‘भयकादंबरी’ छापावं की नुसतं ‘कादंबरी’?

बाई, मिळू शकतो. भयकथा लिहिणं, इतरांच्या भयकथा संपादित करणं आणि अधूनमधून स्पर्धांचं परीक्षण करणं यातच माझी हयात गेली, म्हणून हे ठामपणे सांगतो. मात्र तुमची खरी अडचण प्रकाशक नसणं ही नाही. तुमच्या पुस्तकावर अजून संपादकाचा हात फिरलेला नाही, ही आहे. भयकथेत ही उणीव इतर कुठल्याही साहित्यप्रकारापेक्षा जास्त नडते. का, ते पुढे सविस्तर लिहितो. आधी पुरस्कारांचं बघू.

भयसाहित्याचा जगातला सर्वांत नावाजलेला पुरस्कार म्हणजे ब्रॅम स्टोकर पुरस्कार. ‘ड्रॅक्युला’ (1897) लिहिणाऱ्या लेखकाचं नाव त्याला दिलेलं आहे. अमेरिकेतली हॉरर रायटर्स असोसिएशन ही लेखकांची संघटना तो देते, 1987 साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांपासून. संघटनेचे सदस्य पुस्तकं सुचवतात, जोडीला प्रत्येक विभागासाठी परीक्षक मंडळ असतं, त्यातून प्राथमिक यादी निघते आणि शेवटी सदस्य मतदान करतात. पहिल्या कादंबरीसाठी वेगळा विभाग आहे. लेखकाने स्वतः प्रकाशित केलेलं पुस्तकही विचारात घेतलं जातं. विजेत्याला झपाटलेल्या घराची छोटी प्रतिकृती मिळते; तिचं दार उघडलं की आत नाव कोरलेली पितळी पट्टी दिसते. शर्ली जॅक्सन पुरस्कारही याच वाटेवरचा, पण तो सदस्यांच्या मतांवर नाही तर परीक्षकांच्या निवडीवर ठरतो.

तुमच्यासारख्यांना मी नेहमी जॉन लँगन यांचं उदाहरण देतो. त्यांच्या ‘द फिशरमन’ला 2016 चा स्टोकर पुरस्कार मिळाला. ही कादंबरी पुरी व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. भयकथा छापणाऱ्यांना ती फार साहित्यिक वाटली आणि साहित्यिक पुस्तकं छापणाऱ्यांना ती फार भयकथा वाटली. शेवटी वर्ड होर्ड या कॅलिफोर्नियातल्या लहानशा प्रकाशनाने ती काढली. तुम्हाला मिळालेला नकार याच जातीचा आहे, आणि तो पुस्तकाच्या गुणवत्तेवरचा निकाल नव्हे.

पण सगळीकडे दार उघडं असतं असं समजू नका. बुकर पुरस्काराच्या नियमांत लेखकाने स्वतः काढलेलं पुस्तक बसत नाही, त्यासाठीच उभी केलेली कंपनीसुद्धा चालत नाही. तिथे लहान प्रकाशकांना मात्र वाव आहे. 2022 मध्ये हिंदीतून आणि 2025 मध्ये कन्नडमधून अनुवादित झालेल्या ज्या पुस्तकांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, ती दोन्ही इंग्लंडमधल्या छोट्या प्रकाशनांनी काढलेली होती. 2022 च्याच अंतिम यादीत बोरा चुंग या कोरियन लेखिकेचा सरळसरळ भयकथांचा संग्रह होता, आणि त्याच्या आदल्या वर्षी अर्जेंटिनाच्या मारियाना एन्रिकेझ यांचा. म्हणजे भयकथा आता मागच्या दाराने आत येत नाही. आपल्या भाषेतून तिथवर जायचं तर चांगला अनुवादक लागतो, आणि अनुवादक चांगला भेटायचा तर मूळ मराठी पुस्तक आधी पक्कं उभं असावं लागतं.

आता आपल्या घरचं. मराठीत केवळ भयसाहित्यासाठी असा जुना, सर्वमान्य पुरस्कार नाही. नारायण धारपांनी मराठी माणसाच्या दोन-तीन पिढ्यांची झोप उडवली, वाचनालयांत त्यांच्या प्रती हाताळून हाताळून फाटल्या, पण साहित्य अकादमीचा पुरस्कार त्यांच्याकडे वळला नाही. रत्नाकर मतकरींना 2018 चा साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो बालसाहित्यासाठी, आणि संगीत नाटक अकादमीने गौरवलं ते नाटकासाठी. ज्या गूढकथांनी त्यांचं नाव घराघरात नेलं त्यांच्या वाट्याला राष्ट्रीय पातळीवर असं काही आलं नाही. हा अन्याय मला फार लागतो. एखाद्या माणसाला रात्री एकट्याने पुस्तक मिटवून उजेड लावायला भाग पाडणं ही भाषेवरची केवढी मोठी हुकमत आहे, हे आपल्या समीक्षेने फारसं मान्यच केलं नाही.

त्यामुळे तुमची कादंबरी सर्वसाधारण कादंबऱ्यांच्या रांगेत उभी राहणार. महाराष्ट्र शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या पुस्तकांचा स्वतंत्र विभाग आहे आणि त्यात कादंबरीही येते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार 35 वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी असतो, रक्कम 50,000 रुपये. गोव्यातल्या संस्थाही मराठी पुस्तकांना पुरस्कार देतात. नियम दरवर्षी ताजे मागवा आणि पूर्ण वाचा. वास्तव्याची अट, भाषेची अट आणि प्रकाशनाच्या वर्षाची अट, यांतच बहुतेक प्रवेशिका अडकतात.

मुखपृष्ठाविषयी माझं मत स्पष्ट आहे. ‘भयकादंबरी’ असंच छापा. अर्जात विभाग ‘कादंबरी’ असा लिहा, पण पुस्तकावर लपवाछपवी नको. सामाजिक कादंबरी समजून वाचायला बसलेल्या परीक्षकाला मध्यावर देवचार, म्हणजे गोव्यातल्या गावांचा अदृश्य राखणदार, भेटला तर तो घाबरत नाही, वैतागतो. आणि वाचक! भयकथेचा वाचक हा मराठीतला सर्वांत निष्ठावान वाचक आहे. त्याला पुस्तक सापडलं पाहिजे.

आता मूळ मुद्दा. विनोदी लेखक स्वतःच्या विनोदावर पुन्हा वाचताना हसू शकतो. करुण प्रसंग लिहिताना लेखकाचे डोळे भरून येतात. पण भयकथेचा लेखक स्वतःच्या कथेला घाबरू शकत नाही, कारण दारामागे काय आहे ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. जे मोजायचं तेच त्याला मोजता येत नाही. म्हणून तो अंदाजाने भर घालतो: आणखी एक किंकाळी, आणखी एक वीज, तीन उद्गारचिन्हं, वाक्याच्या शेवटी टिंबांची रांग. मोठ्या प्रकाशनगृहात निदान कुणी तरी दुसरा माणूस ते हस्तलिखित वाचतो. स्वतः पुस्तक काढणाऱ्याच्या घरात तो माणूस नसतो. परीक्षक म्हणून माझ्याकडे आलेली स्वप्रकाशित पुस्तकं बहुतांशी याच एका जागी पडली. कल्पना दरिद्री होती म्हणून पडलेली फार थोडी.

तेव्हा छपाईआधी तीन वाचक शोधा. एक तुमच्याच भागातला, ज्याला रान आणि गावची रीत माहीत आहे. एक ज्याने गोवा पाहिलेलाच नाही, उदाहरणार्थ विदर्भातला कुणी. आणि एक, जो भयकथा एरवी वाचत नाही. घरच्यांना आणि सहकाऱ्यांना यातून वगळा, ते तुम्हाला दुखावणार नाहीत. या तिघांना ‘कशी वाटली?’ विचारू नका. हातात पेन्सिल द्या आणि चारच खुणा करायला सांगा: कुठे वाचन थांबवलं, कुठे पानं चाळून पुढे गेलात, पुढचं कुठे ओळखलंत, आणि कुठे मान वळवून मागे पाहावंसं वाटलं. तिघांच्या खुणा एकाच प्रतीवर उतरवून घेतल्या की कादंबरीचा आराखडाच समोर येतो. चौथी खूण जिथे एकाचीही नाही असं सलग प्रकरण दिसलं तर ते प्रकरण कशासाठी आहे, हे स्वतःला विचारा.

मग संपादक. मुद्रितशोधन करणारा वेगळा आणि संपादक वेगळा. मुद्रितशोधक ऱ्हस्व-दीर्घ बघेल. संपादक सांगेल की भूत चाळीस पानं आधी दिसलं. पैसे मर्यादित असतील तर आधी संपादक, मग मुद्रितशोधन, मग आतल्या पानांची नेटकी मांडणी, आणि सर्वांत शेवटी मुखपृष्ठ. बहुतेक जण नेमकं उलटं करतात: चित्रकाराला भरपूर पैसे देतात आणि आतला मजकूर टंकलेल्या अवस्थेतच छापखान्यात जातो.

संपादक काय करतो ते एका उदाहरणाने सांगतो. समजा तुम्ही लिहिलंत: ‘त्या अमावास्येच्या भयाण रात्री अंगावर काटा आणणारी एक विचित्र सावली अंगणातून सरकत गेली.’ इथे काटा लेखकाने आणला, वाचकाच्या अंगावर तो आलाच नाही. आता हे बघा: ‘सकाळी तुळशीवृंदावनाच्या कठड्यावर विडीचं थोटूक होतं. घरात विडी कोणी ओढत नव्हतं. आईने ते उचललं नाही, आणि मलाही उचलू दिलं नाही.’ सावली नाही, अमावास्या नाही. पण आईला काही तरी माहीत आहे आणि ती सांगत नाही, एवढ्याने वाचक पान उलटतो. ज्याला गोव्यातला देवचार माहीत आहे त्याला विडी कळेल. ज्याला माहीत नाही त्याला आईचं गप्प राहणं पुरेल.

परीक्षकांच्या टेबलावर वारंवार येणाऱ्या आणखी दोन गोष्टी सांगतो. पहिली, शेवटची दहा पानं एखादा म्हातारा किंवा मांत्रिक बसून सगळा पूर्वेतिहास उलगडून सांगतो. भय तिथेच मरतं. दुसरी, ओसाड वाडा, वीज गेलेली आणि शहरातून आलेले मित्र. ही सुरुवात इतक्या पुस्तकांत असते की तुमचा वाडा खरोखर वेगळा असला तरी थकलेला परीक्षक तो वेगळा म्हणून बघत नाही.

आणि इथे तुम्ही गोव्याच्या आहात हे तुमचं केवढं मोठं भांडवल आहे! बाहेरच्यांनी लिहिलेल्या गोव्यात भूत म्हणजे जुना पोर्तुगीज बंगला आणि पांढऱ्या झग्यातली बाई. आपल्या गावांतलं भय तसं नाही. देवचार सीमेवर असतो, हातात दांडा, खांद्यावर कांबळ, तो रात्री गावाची राखण करतो, वाट चुकलेल्याला घरी पोचवतो असं लोक सांगतात. आमोणे, लोलये इथे वेताळाची पूजा होते. बेताळभाटी या गावाचं तर नावच त्याचं. पलीकडे सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक चामड्याच्या वहाणा वाहतात, आणि रात्री फिरून त्या झिजतात अशी श्रद्धा आहे. साळ गावी होळीनंतर गडे, म्हणजे त्या उत्सवात भाग घेणारे गावकरी, रात्री रानाकडे धावतात आणि देवचार त्यांना दिवे दाखवतो, हे पाहायला लोक लांबून येतात. तुमच्याच सत्तरीत झर्म्याला चोरोत्सव होतो, माणसांना मातीत पुरलेलं दाखवतात. हे सगळं तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल.

यातलं मर्म असं, की राखणदार दुष्ट नाही. त्याच्याशी गावाचा करार आहे: आम्ही वर्षाला रोट (जाड भाकरीचा नैवेद्य) देऊ, तू शेत, बांध, मानस (बांधातलं पाण्याचं दार) सांभाळ. भय जन्मतं ते करार मोडल्यावर. जमीन विकली गेली, नवा मालक बाहेरचा, त्याला रोट ठाऊक नाही. किंवा खाणीच्या खड्ड्यात सीमेचा दगडच गेला. मग राखणाऱ्याने कुणाला राखायचं? सोळाव्या शतकात पोर्तुगीज देवळं पाडू लागले तेव्हा मंगेशी कुठ्ठाळीहून प्रियोळला आला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला आली. देव नदी ओलांडून अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंड्याच्या बाजूला, आले. सीमेवरचे राखणदार मात्र जागच्या जागी राहिले असं लोक मानतात, आणि आजही तिथली ख्रिस्ती माणसंसुद्धा त्यांच्यापुढे मेणबत्ती लावतात. चारशे वर्षांहून जास्त काळ देवाविना उभ्या असलेल्या राखणदाराची एक कादंबरी कुणी तरी लिहायलाच हवी. सांगे तालुक्यातलं कुर्डी घ्या. साळावली धरणाच्या पाण्याखाली 1986 च्या सुमारास गाव गेलं, दर मे महिन्यात पाणी उतरलं की सोमेश्वराचं देऊळ आणि घरांची जोती वर येतात, विस्थापित माणसं परत जमतात, आणि पावसाबरोबर गाव पुन्हा बुडतं. भयकथा लिहिणाऱ्याला यात एक शब्दही वाढवून सांगावा लागत नाही.

पण एक पथ्य कडक पाळा. ही जिवंत माणसांची श्रद्धा आहे. गावाचं, देवस्थानाचं आणि घराण्याचं नाव बदला. विधीतली जी गोष्ट गाव बाहेर सांगत नाही ती पुस्तकात घालू नका. पूजेतल्या दैवताला भूत करू नका. परीक्षक इथला असेल तर तो पुस्तक तिथेच मिटेल, आणि त्याचं चुकणार नाही. तुम्हाला तिथेच राहायचं आहे, त्याच मुलांना शिकवायचं आहे.

संवाद कोकणीत ठेवा, निवेदन मराठीत. आपण बोलतो तसंच. पुण्याच्या वाचकाला अर्थ संदर्भाने कळेल अशी वाक्यं निवडा आणि शेवटी शब्दार्थांची यादी जोडू नका. संवादांचं प्रमाण मात्र बघा. काही स्पर्धांत पुस्तक मराठीचं की कोकणीचं यावर वाद होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक, भारतात विनामूल्य मिळतो. राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडे तुमच्या स्वतःच्या नावाने अर्ज करा, मध्यस्थाला पैसे देऊ नका. 1954 च्या ग्रंथ-प्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनानंतर 30 दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ठरलेल्या ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते, आणि स्वखर्चाने काढलेल्या पुस्तकाच्या प्रकाशक तुम्हीच. पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयालाही प्रत द्या. पोचपावत्या फाइलला लावून ठेवा.

आणि प्रकाशनाची तारीख. ती सहज कुणालाही विचारून छापू नका. ‘काजळमाया’ला 1973 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, नंतर प्रकाशनाच्या तारखेवरून वाद उठला आणि जी. ए. कुलकर्णींनी तो परत केला. एवढ्या मोठ्या लेखकाला, एवढ्या मोठ्या पुस्तकाला हे सोसावं लागलं. पुस्तकावरची तारीख, छापखान्याचं बिल आणि ग्रंथालयाची पावती एकमेकांशी जुळली पाहिजेत. शिवाय बहुतेक पुरस्कार जानेवारी ते डिसेंबर असं वर्ष धरतात. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढलेलं पुस्तक कुणाच्या वाचनात येण्याआधीच त्याचं वर्ष संपतं. उन्हाळ्यात काढा, परीक्षणं यायला, चर्चा व्हायला पुरे सहा-सात महिने मिळतात.

पुरस्काराच्या नावाखाली पैसे मागणाऱ्यांपासून सांभाळा. प्रवेश शुल्क थोडं असेल तर समजू शकतो. ‘आपली निवड झाली आहे, सोहळ्याचा खर्च भरा’ असा फोन आला तर त्या पुरस्काराला काही किंमत नाही. तीच गोष्ट सगळं एकत्र करून देणाऱ्या ‘पॅकेज’ची. त्यात संपादन लिहिलेलं असतं; कोण करणार त्याचं नाव विचारा आणि दोन पानं नमुना संपादन करून मागा. नाव मिळालं नाही तर पुढे बोलू नका.

ऑडिओ आणि अनुवादाचे हक्क स्वतःकडेच ठेवा. भयकथा कानाने ऐकणारा मराठी श्रोता आज मोठा आहे, आणि पुरस्कार मिळाला तर पहिली विचारणा बहुधा याच दोन हक्कांची होते. करारावर सही करण्याआधी मुदत किती वर्षांची आहे ते बघा, कायमचे हक्क कुणालाही देऊ नका. सध्या तरी कादंबरीच्या तीन प्रती मोठ्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला काढा, समास रुंद ठेवा आणि त्या तीन वाचकांच्या हाती द्या. आयएसबीएनचा अर्ज त्यांच्या खुणा परत आल्यावर करा.